सुटीचा पाऊस

पावसाळी सुटीची वाट केवळ विद्यार्थीच पाहतात, असा सर्वसाधारण समज आहे. रात्रभर पत्र्यावर धारा कोसळू लागल्या, की शिक्षकाचे मनही जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाकडे लागलेले असते. परळी वैजनाथ येथे राहून तालुक्यातील खेड्यांत शिकवावयास जाणाऱ्या गुरुजींना व बाईंना हे सांगावयास नको. पहाटेपासून मोबाईल हाती असतो. कोणीतरी व्हॉट्सॲपवर गतवर्षीचाच आदेश पुन्हा पाठवतो. क्षणभर आनंद होतो आणि तारीख वाचताच मावळतो.

व्यापारी माणसाला या आशेचे हसू येणे स्वाभाविक आहे. मोंढ्यात आवक होवो वा न होवो, दुकान वेळेवर उघडावेच लागते. ‘पगारी माणसाला पाऊसही लाभाचा’, असे गादीवर बसून सहज म्हटले जाते. तथापि कोणतेही खाते एकाच बाजूने वाचून चालत नाही.

पहिली बाजू जोखमीची. परळी बालाघाटच्या डोंगररांगांच्या कुशीत वसलेली आहे. डोंगरावर पाऊस झाला, की ओढे पाहता पाहता भरतात आणि ठेंगणे पूल पाण्याखाली जातात. शिक्षक दुचाकीवरून एका काठाने येतो, तर दप्तर घेतलेले मूल दुसऱ्या काठाने. दिनांक २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा असंख्य मुले शाळांतच अडकली आणि शिक्षकांनी त्यांच्यासमवेत रात्र काढली. मुलांना बाहेर सोडावे की थांबवून ठेवावे, हा निर्णय त्या रात्री शिक्षकांच्याच पदरी आला. सुटीच्या इच्छेमागे आळस असेलही. पण ही धास्तीही असते.

दुसरी बाजू खर्चाची. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस शाळा भरली पाहिजे. त्यामुळे बुडालेला दिवस ही पगारी देणगी नसून उसनवारी आहे. ती पुढे कोठेतरी फेडावी लागते. शिवाय शाळा बंद, म्हणजे शालेय पोषण आहाराची चूलही बंद. ज्या घरी पावसामुळे त्या दिवशीची मजुरीही बुडाली, तेथील मुलाला ही सुटी सर्वांत महाग पडते.

आदेश देणाऱ्यांचेही काम सोपे नाही. चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस म्हणजे हवामान खात्याच्या भाषेत अत्यंत मुसळधार. बीड जिल्ह्यात वर्षभरात पडणाऱ्या पावसाचा तो सुमारे तिसरा हिस्सा होतो. इशारा मात्र जिल्ह्याच्या नावाने निघतो. जिल्ह्यात अकरा तालुके. पश्चिमेच्या टोकाला आष्टी, तर पूर्वेला परळी. एकीकडे पूर आणि दुसरीकडे ऊन, असेही घडते. सकाळी उशिरा आलेला आदेश तर मुले घराबाहेर पडल्यानंतर पोहोचतो.

आणि हीच परळी पाण्याविना तळमळलेलीही आहे. २०१३ च्या फेब्रुवारीत येथील औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. अशा गावात पावसाला नावे ठेवण्याचे धाडस कोण करील?

आपल्या परंपरेने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केलेला आहे. चातुर्मासात साधू-साध्वींचा विहार थांबतो, स्वाध्याय थांबत नाही. उलट तो वाढतो. पावसाळी सुटीलाही हाच नियम लावावा. प्रवास थांबावा, अभ्यास चालू राहावा. दुकानावर आलेल्या मुलाकडून दोन पावत्यांची बेरीज व एका बिलाची टक्केवारी करून घेतली, तरी गणिताचा तास भरून निघतो. दुकानातील नोकराचे मूलही त्याच वेळी शेजारी बसवावे.

सुटीचा आदेश हाती पडल्यावर पुन्हा पांघरूण ओढून घेण्याचा मोह कोणाला होत नाही? परंतु जाणता शिक्षक त्याआधी ओढ्यापलीकडच्या वस्तीवर फोन लावतो आणि ‘आज लेकरांना सोडू नका’, एवढा निरोप देतो. त्याच्या सुटीचा पहिला तास त्या फोनमध्येच जातो.