हात नसलेली खुर्ची

या अंकाचा विषय 'घर' असा ठरला, तेव्हा संपादकीय घराच्या मालकी हक्कावर लिहायचे असे मी मनात योजले होते. लिहिते आहे त्यावरच, पण सुरुवात एका सोफासेटपासून करते.

काही महिन्यांपूर्वी आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या एका बाईचे स्त्रीधन परत आणायला आम्ही तिघी कार्यकर्त्या तिच्या सासरी गेलो. खाली टेम्पो उभा, हातात यादी. भांडी मिळाली, शिवणयंत्र मिळाले, लोखंडी कपाटही कुरकुर करत मिळाले. सोफासेटपाशी गाडी अडली. "हा आमच्या हॉलमधला आहे, तो कसा नेता?" सासरे म्हणाले. तिच्या वडिलांनी पतपेढीचे कर्ज काढून तो लग्नात दिला होता. पावती निघाली. तीवर लिहिले होते, 'व्हिक्टोरियन सोफासेट, १ नग', आणि गिऱ्हाइकाचे नाव होते जावयाचे! सोफा तिथेच राहिला. टेम्पोत बसल्यावर ती म्हणाली, "ताई, चार वर्षांत मी त्याच्यावर चारदा बसले नसेन. पुसला मात्र रोज."

लग्नात सामान देण्याच्या प्रथेला आपला विरोध आहेच, तो इथे पुन्हा मांडत नाही. मला छळत राहिला तो पावतीवरचा 'व्हिक्टोरियन' हा शब्द. कोरीव पाठ, वळणदार पाय, जागोजागी बटणे ओढून बसवलेली मखमल, हे सगळे आज आपल्याकडच्या फर्निचरच्या दुकानांत प्रतिष्ठेची खूण म्हणून विकले जाते. ही प्रतिष्ठा मुळात कुणाची होती, आणि त्या खुर्च्यांवर कोण बसत होते, हे पाहावे म्हणून वाचायला घेतले. जे वाचले ते आपल्या कामाच्या इतके जवळचे निघाले की तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही.

व्हिक्टोरिया राणीचा काळ १८३७ ते १९०१. या काळात इंग्लंडमधल्या मध्यमवर्गाच्या हाती कारखानदारीचा आणि वसाहतींचा पैसा आला आणि तो घरात दिसू लागला. लंडनमधले त्या वेळचे नेहमीचे मध्यमवर्गीय घर म्हणजे एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेतले अरुंद, उंच घर. तळघरात स्वयंपाकघर आणि भांडी घासायची मोरी. रस्त्याच्या पातळीवर जेवणाची खोली. त्यावर दिवाणखाना. त्याच्या वर निजायच्या खोल्या, मग मुलांची खोली, आणि अगदी छपराखाली मोलकरणींच्या खोल्या. म्हणजे जिच्या हातून घर चालायचे ती एक तर जमिनीच्या खाली किंवा छपराला टेकून! मोठ्या घरांत नोकरांचा जिनाही वेगळा असे. रॉबर्ट केर या वास्तुकाराने सभ्य गृहस्थाचे घर कसे असावे यावर १८६४ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. मालकांचे कुटुंब आणि नोकर यांनी एकमेकांच्या नजरेला पडता कामा नये, हे त्याचे एक मुख्य सूत्र होते. दिवाणखान्यात दोरी ओढली की तारेने जोडलेली घंटा तळघरात वाजे.

या जिन्यांवरून खोलीखोलीतल्या शेगडीसाठी कोळसा वर जाई, अंघोळीचे गरम पाणी वर जाई. राख आणि घाण पाणी खाली येई. हे वाहणारी बहुधा एखादी पंधरा-सोळा वर्षांची मुलगी असे. १८९१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये घरकामाच्या नोकरीत १३ लाखांहून अधिक स्त्रिया होत्या. त्यांतल्या फार थोड्यांनी स्वतःबद्दल काही लिहून ठेवले. हॅना कलविक ही त्यांतली एक. पायऱ्या घासणे, बूट पॉलिश करणे, चुली सारवणे, यांची रोजची नोंद तिने अनेक वर्षे केली. १८७३ मध्ये आर्थर मन्बी या उच्चवर्गीय गृहस्थाशी तिचे गुपचूप लग्न झाले. लग्नानंतरही त्याच्या घरी ती जगासाठी मोलकरीणच होती!

मग मालकीण तरी त्या घरात राणी होती का? आता खुर्च्यांकडे या. त्या काळी दिवाणखान्यासाठी खुर्च्यांची जोडी मिळे. पुरुषाची खुर्ची मोठी, उंच पाठीची, दोन्ही बाजूंना भक्कम हात असलेली. बाईची खुर्ची ठेंगणी आणि बहुधा बिनहातांची, नाही तर नावापुरते आखूड हात असलेली. १८५६ च्या सुमारास पोलादी कड्यांच्या पिंजऱ्यावर फुगवलेल्या घागऱ्याची फॅशन आली. तो घागरा हाताच्या खुर्चीत मावत नसे. बाईने कसे दिसावे हे आधी ठरले आणि त्याला साजेशी खुर्ची सुताराने केली. ज्या खुर्चीला हात नाहीत तिच्यात रेलता येत नाही, ताठच बसावे लागते. जेवणाची खोली 'पुरुषी' मानत, म्हणून तिथे महोगनीचे जड, काळपट फर्निचर. दिवाणखाना 'बायकी', म्हणून तिथे हलके, नाजूक सामान. जेवण झाले की बायकांनी उठून दिवाणखान्यात जायचे, पुरुषांनी मद्य आणि राजकारण यांसाठी मागे थांबायचे. खुर्चीच्या पाठीला पुरुषांच्या केसांचे तेल लागू नये म्हणून जे विणलेले रुमाल घालत, ते बायका विणत.

आणि हे सगळे सामान कुणाचे? १८६१ मध्ये निघालेल्या मिसेस बीटन यांच्या प्रसिद्ध गृहव्यवस्थेच्या पुस्तकात गृहिणीला सेनापतीची उपमा दिली आहे. पण इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे लग्न होताच बाईची सगळी जंगम मालमत्ता नवऱ्याची होई. तिने आणलेला पलंग त्याचा, तिच्या आईने दिलेली पेटी त्याची, तिने मिळवलेली मजुरीही त्याची. श्रीमंत बाप वकिलाकरवी विश्वस्त नेमून मुलीचा वाटा वेगळा राखत. बाकीच्यांना ती सोय नव्हती. कॅरोलिन नॉर्टन ही लेखिका १८३६ मध्ये नवऱ्यापासून वेगळी झाली, तर मुले त्याने ठेवून घेतली आणि पुढे तिच्या लिखाणाच्या पैशावरही हक्क सांगितला. कायदा त्याच्या बाजूने होता. १८५६ मध्ये बार्बरा ली स्मिथ आणि तिच्या मैत्रिणींनी विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेसाठी सुमारे २६,००० सह्या गोळा करून संसदेपुढे ठेवल्या. १८७० मध्ये स्वतःच्या कमाईपुरता हक्क मिळाला. संपूर्ण हक्काचा कायदा १८८२ चा. म्हणजे सह्यांपासून कायद्यापर्यंत २६ वर्षे! आपले एखादे निवेदन सहा महिने मंत्रालयात पडून राहिले की आपण खचतो, म्हणून हा हिशोब मुद्दाम सांगितला.

याच काळात दोन बायकांनी थेट घराच्या सजावटीलाच हात घातला. अ‍ॅग्नेस गॅरेट आणि तिची चुलतबहीण ऱ्होडा गॅरेट. जे. एम. ब्रायडन या वास्तुकाराच्या कचेरीत उमेदवारी करून त्यांनी १८७० च्या दशकात लंडनला गृहसजावटीचा स्वतःचा व्यवसाय सुरू केला. बायकांनी चालवलेला असा व्यवसाय ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. १८७६ मध्ये दोघींनी त्यावर पुस्तक लिहिले, तेही मध्यमवर्गीयांच्या घरांसाठी. त्या दोघी मताधिकाराच्या चळवळीत होत्या. ऱ्होडा तर सभा गाजवणारी वक्ती होती. लंडनमध्ये चेनीज स्ट्रीटवर १८८९ मध्ये नोकरी करणाऱ्या एकट्या स्त्रियांसाठी स्वतंत्र खोल्यांची एक इमारत उभी राहिली, तिच्यामागेही अ‍ॅग्नेस होती. प्रत्येकीला आपले दार, आपली किल्ली आणि सगळ्यांना मिळून एक भोजनगृह. तिथेही रांधणाऱ्या आणि जिने झाडणाऱ्या बाया पगारी नोकरच होत्या, हे विसरून चालणार नाही. पण बाईचे घर नवऱ्याच्या किंवा बापाच्या नावावाचूनही असू शकते, हे त्या इमारतीने विटा-चुन्यात दाखवून दिले.

या गॅरेट घराण्याशी आपलाही एक धागा जुळतो. अ‍ॅग्नेसची थोरली बहीण एलिझाबेथ गॅरेट अँडरसन लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची प्रमुख होती. त्याच महाविद्यालयात १८८९ मध्ये मुंबईहून एक विद्यार्थिनी गेली, तिचे नाव रखमाबाई. बालपणी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे 'नांदायला' जायचे तिने नाकारले होते. १८८४ मध्ये नवऱ्याने दावा लावला आणि मार्च १८८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फर्मावले, नवऱ्याच्या घरी जा, नाही तर सहा महिने तुरुंगात. तुरुंग पत्करीन, असे तिचे उत्तर होते. अखेर १८८८ मध्ये तडजोड झाली. ज्या कायद्याने तिला ओढत त्या घरात न्यायचे ठरवले, तो काही आपल्या धर्मशास्त्रातला नव्हता. तो इंग्रजांनी आपल्या घरून आणला होता. म्हणजे बोटीतून नुसते सोफे आले नाहीत!

आपल्याकडे आधी सगळे आलबेल होते असा याचा अर्थ नाही. वाड्यात ओटी आणि दिवाणखाना पुरुषांचा, माजघर बायकांचे, आणि शिवायचे नाही त्या दिवसांत तेही नाही. मुंबईच्या कारागिरांनी विलायती नमुन्याच्या नक्षीदार खुर्च्या शिसवी लाकडात घडवल्या, त्या पुष्कळदा अशाच दिवाणखान्यांत जाऊन बसल्या. लाकूड बदलले, बसणारे तेच राहिले.

इंग्लंडने नांदायला पाठवण्याचा तो दावा १९७० मध्ये रद्द केला. आपल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात तो कलम ९ म्हणून अजून आहे. पण दुसरीकडे आपल्या हातात काही हत्यारेही आली आहेत. स्त्रीधन ही बाईची स्वतःची मालमत्ता आहे, सासरच्यांकडे ते केवळ विश्वासाने ठेवलेले असते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सांगितले. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने, घर कुणाच्याही नावावर असो, बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला. सासू-सासऱ्यांच्या मालकीचे घरही त्यात येऊ शकते, हे २०२० च्या सतीशचंद्र आहुजा खटल्यात स्पष्ट झाले. आणि १९८५ च्या नियमांनुसार लग्नातल्या भेटींची यादी करून ठेवायची असते. वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते, खाली वधूवरांच्या सह्या. हा नियम किती लग्नांत पाळला जातो? आपल्या स्वतःच्या घरातल्या लग्नांत तरी आपण तो पाळला का?

त्या सोफासेटसाठी न्यायालयात अर्ज केला आहे. मैत्रीण आता भाड्याच्या खोलीत राहते. परवा तिने दोन प्लास्टिकच्या खुर्च्या घेतल्या, हात असलेल्या. पावती कुणाच्या नावावर केली, हे मी विचारायच्या आत तिने ती पिशवीतून काढून दाखवली.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढे करा. प्रत्येकीने आपल्या घराचा साधा नकाशा काढायचा. घर कुणाच्या नावावर, कपाटाची किल्ली कुणाकडे, पंखा कुठे, उजेड कुठे, आणि दिवसभराच्या कामानंतर आपण टेकतो ती जागा कोणती, हे त्यावर लिहायचे. घरकाम करणाऱ्या बाईला आपल्या घरात बसायला काय देतो, तेही प्रामाणिकपणे मांडायचे. हे नकाशे आम्हाला जरूर पाठवा. पुढचा अंक त्यांचाच असेल.

संपादक मंडळाच्या वतीने