टायर नवा घेतला. पण बसवणारा हात कुणाचा?

धर्माबादच्या गाडीमालकापुढे तीन वाटा असतात: गावातले दुकान, नांदेड किंवा सीमेपलीकडचे निजामाबाद. विश्वासाचे गॅरेज ओळखायचे कसे? बिल का सोडू नये? आणि जबाबदारी नेमकी कुणाची? समजून घेऊ.

टायर फुटणे ही 'देवाची करणी' नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ च्या फेब्रुवारीत स्पष्ट केले. प्रकरण २०१० च्या ऑक्टोबरमधले. पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या कारचा मागचा टायर फुटला, गाडी खोल खड्ड्यात गेली आणि आतल्या ३८ वर्षांच्या गृहस्थांचा मृत्यू झाला. न्यायाधिकरणाने कुटुंबाला सुमारे सव्वा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. टायर फुटणे ही दैवी आपत्ती आहे, असे म्हणत विमा कंपनी उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने ते मानले नाही. जास्त वेग, कमी किंवा जास्त हवा, जुने टायर, उष्णता अशी कारणे त्यामागे असू शकतात आणि प्रवासाला निघण्यापूर्वी टायर तपासणे चालकाचे काम आहे, असे न्यायालयाने सांगितले.

निकाल योग्यच आहे. पण त्यातून एक प्रश्न उरतो. चालकाला टायर बाहेरून दिसतो. रिमवर चढवताना त्याची कड दुखावली का, जुना व्हॉल्व्ह तसाच ठेवला का, नट किती आवळले, हे फक्त बसवणाऱ्याला ठाऊक असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. ती झिजली तर दंड गाडीवाल्याला. टायर बसवणाऱ्याला मात्र काम येते का, हे कुणी विचारत नाही. कॉम्प्रेसर आणि जॅक असला की दुकान सुरू करता येते.

मोठी पाटी म्हणजे मोठा विश्वास?

आपल्याकडे समज असा की मोठ्या शहरातले, काचेच्या दाराचे दुकान म्हणजे काम चोख. म्हणून अनेक जण नांदेडला जातात किंवा गोदावरी ओलांडून बासरमार्गे निजामाबाद गाठतात. तिथे मशीन असतात, हे खरे. पण मशीन चालवणारा पोरगा घाईत असेल, तर त्या मशीनचा उपयोग शून्य. उलट गावातल्या दुकानदाराची ओळख असते, आणि काही बिघडले तर उद्या पुन्हा दारात उभे राहता येते. माझे मत असे: गॅरेज पाटीवरून नव्हे, हाताच्या कामावरून निवडावे. गावात बॅलन्सिंगचे मशीन नसेल, तर जिथे ते आहे तिथेच टायर बसवून घ्यावेत. 'आता बसवा, बॅलन्सिंग नंतर बघू' हे 'नंतर' बहुधा उजाडत नाही.

ऑनलाइन मागवलेल्या टायरचेही तेच. दोन पैसे वाचतात, पण तक्रार आली की विकणारा फिटिंगकडे आणि फिटिंगवाला टायरकडे बोट दाखवतो. विक्री आणि फिटिंग एकाच बिलावर असणे केव्हाही बरे.

टायरवर काय वाचाल?

टायरच्या बाजूला १८५/६५ आर १५ ८८ एच असे काहीतरी लिहिलेले असते. १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६५ ही रुंदीच्या टक्केवारीत बाजूची उंची आणि १५ हा रिमचा इंचांतला आकार. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलोपर्यंत भार, तर एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरची मर्यादा. 'हाच बसेल, चालून जाईल' असे म्हणत दुकानदार कमी भाराचा टायर देत असेल, तर नकार द्या. गाडीला कोणता टायर लागतो, हे चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत असते.

दुसरी खूण चार अंकांची. ०८२५ असेल तर तो टायर २०२५ च्या आठव्या आठवड्यात बनला. पैसे देण्यापूर्वी चारही टायरवरचे हे अंक पाहा. आयएसआय चिन्हही पाहा; भारतात विकल्या जाणाऱ्या कारच्या टायरवर ते बंधनकारक आहे. तारीख विचारल्यावर दुकानदाराचा चेहरा बदलला, तर तिथून निघावे.

काम चालू असताना कुठे नजर ठेवाल?

गाडीपाशी उभे राहा. चहा नंतर होईल. चांगला कारागीर कडेला साबणाचे पाणी किंवा पेस्ट लावतो, पहारीने ओढाताण करत नाही. ट्यूबलेस टायरसोबत व्हॉल्व्ह नवा घालतो. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण किंवा बाहेरच्या बाजूची खूण असेल, तर ती पाळतो. प्रत्येक चाक बॅलन्सिंगला लावतो आणि अलाइनमेंटचा छापील कागद हातात देतो.

खरी परीक्षा नट आवळताना होते. एअर गनने धडाधड आवळून सोडले की काम झाले, असे वाटते. नट जास्त आवळले तर आटे खराब होतात आणि रस्त्यात पंक्चर झाल्यावर तेच नट आपल्या पान्याने सुटत नाहीत. कमी आवळले तर चाकच निसटण्याचा धोका. म्हणून शेवटचा आवळ टॉर्क रेंचने, समोरासमोरच्या क्रमाने, पुस्तिकेतल्या मापानुसार हवा. ज्या दुकानात टॉर्क रेंच आहे आणि ती वापरात आहे, तिथे बाकीचे कामही बहुधा नीट असते. ५० ते १०० किलोमीटर गाडी चालल्यावर नट पुन्हा तपासून घ्यावेत.

दोनच टायर बदलायचे असतील, तर नवे मागे बसवावेत, असे टायर कंपन्याच सांगतात. पावसात मागची चाके घसरली की गाडी सावरणे अवघड जाते. नायट्रोजनचा मोह नसला तरी चालेल. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. महत्त्वाचे आहे ते योग्य दाब राखणे आणि तो टायर थंड असताना मोजणे. हवा कमी असली की टायर जास्त दबतो आणि आतून तापतो. मराठवाड्याच्या मे महिन्यात, भरलेल्या गाडीने हमरस्त्यावर वेग घेतला की हा धोका आणखी वाढतो.

बिल म्हणजे तुमची बाजू

२२ सप्टेंबर २०२५ पासून कारच्या नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. 'बिल नको असेल तर कमी करून देतो' या बोलण्याला आता तरी भुलू नये. बिल नसेल तर कंपनीची हमी मिळवणे कठीण आणि तक्रारही लंगडी. बिलावर टायरचे माप, चार अंकांची तारीख आणि फिटिंगचे पैसे वेगळे लिहून घ्या.

सीमेवरच्या गावासाठी एक गोष्ट खास कामाची आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो, तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. म्हणजे टायर निजामाबादला घेतला, तरी दाद नांदेडला मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा.

फक्त ग्राहकानेच जागरूक का राहायचे?

समृद्धी महामार्गावर टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा परिवहन विभागाने वाहनांचे टायर तपासायला सुरुवात केली. ते आवश्यकच होते. पण ती तपासणी रस्त्याच्या तोंडाशी झाली. चूक होते ती दुकानात. टायर फिटरच्या कामासाठी कौशल्य प्रशिक्षण उपलब्ध आहे, मात्र दुकान टाकायला ते सक्तीचे नाही. आयटीआयमध्ये आठवडाभराचा छोटा वर्ग घ्यावा, तो करणाऱ्याला प्रमाणपत्र द्यावे आणि ते दुकानात लावणे बंधनकारक करावे. पंक्चर काढून घर चालवणाऱ्यांवर दंडुका उगारायचा नाही. त्यांच्या हातात टॉर्क रेंच आणि ज्ञान द्यायचे आहे. चांगले काम करणाऱ्याला त्यातून गिऱ्हाईकच वाढेल.

तोवर हे काम आपल्यालाच करावे लागेल. तारीख वाचा, उभे राहून काम पाहा, बिल घ्या. नीट काम करणाऱ्या कारागिराला दोन पैसे जास्त द्यायला कुरकुर करू नका. घरची माणसे त्याच्या हातावर विसंबून प्रवास करतात.