सरपंचबाईंचं लेकरू कुठं बसवायचं?

मासिक सभेला सरपंचबाई काखेत लेकरू घेऊन आल्या की आपल्याकडे दोन तऱ्हेची माणसं दिसतात. एक म्हणतात, "घरी कोणी नाही का?" दुसरे काहीच म्हणत नाहीत, नुसते घड्याळाकडे बघतात. शेतात बाभळीला झोळी बांधून बाई दिवसभर खुरपत होती तेव्हा हा प्रश्न कोणाला पडला नाही. उसाच्या फडात पाचटावर पोरं झोपली, तेव्हाही नाही. झोळी ग्रामपंचायतीच्या दारात आली तेव्हाच शिस्तीची आठवण झाली.

महाराष्ट्रात पंचायतीत बायकांसाठी निम्म्या जागा राखीव झाल्या त्या २०११ साली. त्याआधी १९९३ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश दिल्या होत्या. म्हणजे पंचायतीत ज्या सासवा-सुना आल्या, त्यांतल्या कितीतरी तान्ह्या लेकरांच्या आया असणार हे सरकारला तेव्हाच ठाऊक असायला हवं होतं. पण पंचायतीच्या इमारतीचे नकाशे पाहा. सरपंचांची खोली आहे, सभागृह आहे, नवीन इमारतीत कॉम्प्युटरची खोलीही आहे. लेकराला पाजायला आडोसा बहुतेक ठिकाणी नाही.

गंमत अशी, की हाच कायदा सरपंचांची लेकरं मोजतो मात्र नेमकी. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं की सदस्यत्व जातं. कितवं मूल, कधी जन्मलं, दाखला कुठं, याची शहानिशा अगदी जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत जाते. पण पहिलं मूल सभेच्या वेळी कुठं ठेवायचं, याची चौकशी कोणताही अधिकारी करीत नाही. शिवाय सलग सहा महिने परवानगीशिवाय बैठकांना गैरहजर राहिलं तरी पद धोक्यात. सरकारी नोकरीतल्या बाईला बाळंतपणाची सहा महिन्यांची पगारी रजा आहे, राज्य सरकारने २०१८ मध्ये बालसंगोपनासाठी आणखी १८० दिवस दिले. सरपंच नोकरदार नाही, तिला मानधन असतं. रजा मागायची तर ती पंचायतीकडेच, म्हणजे ज्यांच्याशी रोज भांडायचं त्यांच्याकडेच.

मग होतं काय? बाई घरी राहते आणि सभेला तिचे यजमान येतात. खुर्चीवर तेच, प्रोसिडिंग त्यांच्याच तोंडचं, सही तेवढी घरी रजिस्टर नेऊन घ्यायची. 'सरपंचपती' हा शब्द आपल्या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगायला नको. केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाने नेमलेल्या समितीने २०२५ मध्ये अशा नवरोबांवर कडक दंडाची शिफारस केली. चांगलंच आहे. पण दंड झाला म्हणून लेकरू कोण सांभाळणार, हा प्रश्न सुटत नाही. खरं तर सभेच्या दिवशी सरपंचपतींनी घरी बसून पोराला वरणभात भरवला, तर दंडाची गरजच पडणार नाही. ते होईस्तोवर मात्र लेकरू पंचायतीत आलेलं बरं, असं आमचं स्पष्ट मत आहे. लेकराला घरी पाठवलं तर त्याच्या जागी बाप येऊन बसतो.

वरच्या पातळीवर काय घडलं तेही पाहा. देवळालीच्या आमदार सरोज अहिरे डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला अडीच महिन्यांचं बाळ घेऊन आल्या. फोटो छापून आले, कौतुक झालं, घाईघाईने हिरकणी कक्षही झाला. पुढं २०२३ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात मुंबईला त्या पुन्हा बाळाला घेऊन गेल्या, तेव्हा कक्षात धूळ आहे, धड सोयी नाहीत, अशी जाहीर तक्रार त्यांना करावी लागली. विधानभवनात ही तऱ्हा, तर वाडीवस्तीच्या पंचायतीचं काय सांगावं! एसटी स्टँडवरच्या कित्येक हिरकणी कक्षांना कुलूप असतं, हे प्रवास करणाऱ्या बायकांना माहीत आहे.

मजुरांच्या बाबतीत कागद तरी होता. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमून तिला मजुरी द्यायची तरतूद होती. कागदावर होती म्हणून कोणी मागू तरी शकत होतं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला, तेव्हा कामावरच्या पाळणाघराचं काय होतं यावर गावांनी डोळा ठेवावा.

दुसरी बाजूही आहे. ग्रामसेविका (आताच्या नावाने ग्रामपंचायत अधिकारी) म्हणतात, पोरगं रजिस्टर ओढतं, दाखल्याला आलेली माणसं खोळंबतात. खोटं नाही. कार्यालय ही लेकराची जागा नव्हे. वायरी, धूळ, चहाचे पेले, बिड्यांचा वास. म्हणून तर कोपरा हवा. अंगणवाडी जवळच असते खरी, पण तिथं शिकवणं तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं, आणि ती दुपारी सुटते. तान्ह्याचं काय? केंद्राची 'पाळणा' योजना सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी २०२२ पासून आहे, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं. आपल्या गावाला ती मिळेल का, हे पर्यवेक्षिकेला विचारायला पैसे पडत नाहीत.

पैशाचं रडगाणं तर इथं चालायचंच नाही. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. बहुतेक गावांत ते शिलाई मशीन नाहीतर अंगणवाडीच्या खेळण्यांच्या नावावर मार्चअखेर उरकले जातात. एक पडदा, एक सतरंजी, एक पाळणा, माठ आणि वापरता येईल असा संडास, याला किती लागतं? मासिक सभा बोलावणं सरपंचांच्याच हाती असतं, तेव्हा ती सकाळी अंगणवाडी चालू असताना ठेवली तर मोठ्या मुलांची सोय फुकटात होते. हा खर्च पुढच्या वर्षाच्या आराखड्यात धरायचा असेल तर ग्रामसभेआधी महिला सभा भरते, विषय तिथं मांडावा आणि ठराव लिहून घेतल्याशिवाय उठू नये. गेल्या वर्षीच्या १० टक्क्यांचा हिशेबही त्याच बैठकीत मागता येईल.