चित्रफितीखालील ओळी कोणी तपासाव्यात?

२६ जानेवारी १९६७ रोजी दिल्लीच्या दूरचित्रवाणी केंद्रावरून ‘कृषिदर्शन’ हा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा भोवतालच्या खेड्यांतील शेतकरी तो सामुदायिक संचासमोर एकत्र बसून पाहत असत. एखादा शब्द कानावरून निसटला तर शेजाऱ्यास विचारता येई. आज शेतीविषयक चित्रफीत शेतकरी एकटाच, आपल्या मोबाईलवर, पुष्कळदा बांधावर उभा राहून पाहतो. जवळ मळणीयंत्र चालू असते. नाहीतर रात्री घरातील माणसे निजलेली असतात म्हणून आवाज बंद ठेवलेला असतो. अशा वेळी सांगणाऱ्याचे शब्द चित्राखाली अक्षरांत उमटले, तरच तो सल्ला त्याच्या हाती पडतो. ज्यास ऐकूच येत नाही अशा शेतकऱ्यास तर दुसरा मार्गच नाही. दृक्‌श्राव्य माध्यमांत अशा ओळींची सोय असावी, ही अपेक्षा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यानेही व्यक्त केलेली आहे.

या ओळींना सर्वत्र सबटायटल म्हणतात. त्या घालण्याची साधने आता संगणकावर विनामूल्य मिळतात. ‘सबटायटल एडिट’ हे त्यांपैकी एक असून, भाषण ऐकून आपोआप मजकूर लिहिणारी यंत्रणाही त्यास जोडता येते. काही मिनिटांत सर्व ओळी तयार होतात. काम इतके सोपे झाले म्हणूनच एक घातक सवय लागू पाहत आहे. यंत्राने लिहिले ते न वाचताच प्रसिद्ध केले जाते.

यंत्र शब्द ऐकते. त्यास शेती कळत नाही. ‘वाफसा’ हा शब्द त्यास ‘व्यवसाय’ असा ऐकू येण्याचा संभव असतो. अशा चुकीस शेतकरी हसेल व पुढे जाईल. परंतु आकड्यांची चूक हसण्यावारी नेण्यासारखी नसते. निंबोळी अर्क ५ टक्के करावयाचा तर ५ किलो निंबोळीची पूड १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, त्या द्रावणात पाणी घालून ते १०० लिटर करावयाचे असते. यातील शंभराचे एक शून्य गळाले, तर अर्क दसपट तीव्र होतो. निंबोळीच्या बाबतीत हानी त्या मानाने थोडी. तणनाशकाच्या बाबतीत उभे पीक हातचे जाईल. ०.५ मिलीमधील टिंब राहून गेले, तर चित्राखाली ५ मिली दिसते. आणि मराठी माणूस ‘दीड’, ‘अडीच’, ‘पाऊण’ असे बोलतो, हे तर यंत्राच्या दृष्टीने मोठेच संकट होय. म्हणून मात्रेचा प्रत्येक आकडा अंकांत लिहावा आणि औषधाच्या डब्यावरील लेबल समोर ठेवून तपासावा. ती मात्रा १० लिटर पाण्यासाठी आहे की १५ लिटरच्या पंपासाठी, हेही त्याच ओळीत यावे.

मराठीची एक खोड येथे विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘पीक फुलोऱ्यात असताना फवारणी करू’ एवढे शब्द एका वेळी चित्राखाली आले आणि ‘नये’ हा शब्द पुढच्या खेपेस गेला, तर घाईत पाहणारा नेमका उलटा अर्थ घेऊन शेतात जाईल. ओळ कोठे तोडावी, हे यंत्र केवळ लांबी पाहून ठरवते. माणसाने ती अर्थ पाहून तोडली पाहिजे.

हे तपासण्याचे काम कोणाचे? ते संगणक चालविणाऱ्याचे आहे, असे पुष्कळांस वाटते. हे मत योग्य नाही. संगणकावरील मनुष्य शुद्धलेखन पाहील, परंतु हुमणीला काही भागांत उन्नी म्हणतात हे त्यास कोठून ठाऊक असणार? ज्या गावासाठी चित्रफीत आहे त्या भागात काम करणाऱ्या ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यानेच ती शेवटची वाचली पाहिजे. त्याच्यावर आधीच कामांचा बोजा आहे, हे खरे. त्यावर उपाय म्हणजे चित्रफीत आखूड करणे. वीस मिनिटांच्या भाषणापेक्षा चार मिनिटांत एक काम दाखविणारी चित्रफीत तपासण्यासही सोपी आणि शेतकऱ्यासही सोयीची.

ज्यास वाचता येत नाही त्यास या ओळींचा उपयोग काय, असाही आक्षेप घेतला जातो. वाचता न येणाऱ्याच्या घरी शाळेत जाणारे मूल बहुधा असतेच. शिवाय जी भाषा कानावर पडते तीच डोळ्यांसमोर असली, तर अर्धवट वाचणाऱ्याचाही सराव होतो. याच हेतूने १९९९ मध्ये अहमदाबाद दूरदर्शनवर गुजराती चित्रपटगीतांखाली गुजराती अक्षरे देण्यास आरंभ झाला होता. मराठी बोलण्याखाली मराठीच ओळी असाव्यात, इंग्रजी नव्हेत, याचे कारणही हेच.

तांत्रिक बाबी थोड्याच आहेत. एसआरटी प्रकारच्या फाईलमध्ये वेळेची ओळ इंग्रजी अंकांतच लिहावी लागते. तेथे देवनागरी अंक घातल्यास ओळी दिसत नाहीत. फाईल यूटीएफ-८ या पद्धतीने जतन करावी, अन्यथा अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. मुळे किंवा खोडावरील कीड चित्राच्या तळाशी दाखविली असेल, तेथे ओळी वरच्या बाजूस न्याव्यात.

राहता राहिला प्रश्न व्हॉट्सॲपचा. यूट्यूबवर स्वतंत्र जोडलेल्या ओळी पुढे पाठविलेल्या चित्रफितीबरोबर जात नाहीत. त्या मागेच राहतात. गावात तर चित्रफिती हातोहात फिरतात त्या व्हॉट्सॲपवरच. यासाठी ओळी चित्रातच कायमच्या उमटविलेली दुसरी प्रत करावी लागते. पण अशी प्रत एकदा बाहेर पडली की ती दुरुस्त करता येत नाही, आणि शिफारशी तर बदलत असतात. एखादे औषध पुढे बंद झाले, तरी जुनी चित्रफीत फिरतच राहते. म्हणून अशा प्रतीत मात्रेच्या ओळीशेजारी हंगाम व वर्ष, जसे ‘खरीप २०२५’, घालावे आणि तो मजकूर शेतकऱ्यास सावकाश वाचून होईल इतका वेळ पडद्यावर ठेवावा.