बटण दाबायच्या आधी डायरी वाचा

परवा रात्री एका मित्राचा फोन आला. नाशिकच्या एका कंपनीत तो आयटी बघतो. दोनशेच्या आसपास मशीन्स. बरीचशी विंडोज, डेव्हलपर लोकांकडे उबुंटू, आणि डिझाइनवाल्यांकडे मॅक. म्हणजे नेहमीची खिचडी. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला, तेव्हापासून त्याच्या मागे लकडा लागलाय. सगळी मशीन्स विंडोज 11 वर न्यायची, आणि त्याच झटक्यात सॉफ्टवेअर टाकायचं कामही ऑटोमेट करून टाकायचं, असा त्याचा बेत.

"कुठलं टूल घेऊ सांग," तो म्हणाला. "इंट्यून, अँसिबल, की अजून काही?"

मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाला, "आणि हो, मॅनेजमेंटला पटवलंय मी. सपोर्टची दोन पोरं आहेत, त्यांची गरज उरणार नाही. तशी स्लाइडच टाकलीय."

ही स्लाइड मी ओळखतो, मंडळी. 2010 साली अशीच एक स्लाइड मी केली होती. म्हणून आजचा लेख.

तेव्हा मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत होतो. नाव कशाला सांगू? काम कोड लिहायचं, पण छोट्या कंपनीत ज्याला कॉम्प्युटरमधलं जास्त कळतं त्याच्याच गळ्यात नेटवर्कही पडतं. सव्वाशे मशीन्स होती. बहुतेकांवर एक्सपी, थोडी नवी विंडोज 7, वीसेक लिनक्स आणि दोन मॅक. मधे एक साम्बा सर्व्हर. आणि या सगळ्यांना सांभाळायला एक सपोर्टचा मुलगा. डिप्लोमा करून आलेला, जेमतेम बावीस वर्षांचा.

नवीन काही टाकायचं असलं की हा पोरगा पेन ड्राइव्ह घेऊन निघायचा. एकेका टेबलापाशी जायचा, "सर, पाच मिनिटं उठता का?" म्हणायचा, आणि नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. सव्वाशे मशीन्सना आठवडा जायचा. शेवटच्या मशीनवर पोचेपर्यंत पहिल्यासाठी नवी आवृत्ती आलेली असायची. खिशात एक डायरी, कुठल्याशा बँकेची फुकट मिळालेली. त्यात तो काय काय लिहायचा. मी कधी उघडून पाहिली नव्हती.

मला ते सगळं फार मागासलेलं वाटायचं. आपण इंजिनियर ना! एका पावसाळ्यात शनिवार-रविवार बसून मी ऑटोमेशन केलं. विंडोजसाठी डब्ल्यूपीकेजी नावाचं ओपन सोर्स टूल होतं. सर्व्हरवर एका शेअर फोल्डरमध्ये इन्स्टॉलर ठेवायचे, कुठल्या मशीनला काय हवं ते एक्सएमएल फायलींत लिहायचं, आणि मशीन सुरू होताना ते आपोआप टाकून घ्यायचं. प्रत्येक पॅकेजला एक 'चेक' असायचा. अमुक फाइल आहे का, रजिस्ट्रीत तमुक नोंद आहे का? असेल तर गप्प बस, नसेल तर इन्स्टॉल कर. प्रत्येक बूटला हे चेक नव्याने तपासायचे, असं मी मुद्दाम लावून ठेवलं होतं. कुणी हाताने काही बदललं, तरी दुसऱ्या दिवशी मशीन जागेवर. लिनक्सला पपेट लावलं, तेही दर अर्ध्या तासाने हेच करतं. मॅक दोनच, ते हातानेच.

वाचायला सोपं वाटतं, पण घाम निघाला. काही इन्स्टॉलरना गुपचूप इन्स्टॉल होणं माहीतच नव्हतं, मधेच खिडकी उघडून "ओके" म्हणा म्हणून बसायचे. एमएसआयवाले बरे, पण ते काम झाल्यावर कधी शून्य परत द्यायचे, कधी 3010. या 3010 चा अर्थ "झालं, फक्त रीस्टार्ट हवा." माझी स्क्रिप्ट सुरुवातीला शून्याशिवाय सगळ्याला नापास करत होती, त्यामुळे तीच तीच पॅकेजेस रोज सकाळी टाकली जात होती. हे शोधायला दोन रविवार गेले.

पण जमलं! एका सकाळी सव्वाशेतल्या जवळजवळ सगळ्या मशीन्सवर नवा ब्राउझर आला, आणि कुणीही जागेवरून उठलं नाही. मी हवेत. साहेबांना प्रेझेंटेशन दिलं. शेवटच्या स्लाइडवर लिहिलं, "1 हेडकाउंट वाचेल." कुणी मागितलं नव्हतं. मीच लिहिलं, कारण आकडा असला की स्लाइड वजनदार वाटते.

पुढच्या महिन्यात तो मुलगा गेला. जाताना डायरी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "सर, यात सगळ्या मशीनचं आहे. बघून घ्या एकदा." मी ड्रॉवरमध्ये टाकली.

दोनेक महिन्यांनी जावाचा सिक्युरिटी अपडेट आला. मी पॅकेज केलं. आधी जुन्या सगळ्या आवृत्त्या काढ, मग नवी टाक. सुरक्षेच्या दृष्टीने अगदी योग्य. सगळ्या मशीन्सना एकाच दिवशी लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास अकाउंट्समधले काका माझ्याकडे आले. "अरे, ते टेंडरचं पान सही घेत नाहीये रे. तीनला बंद होतंय."

ऑनलाइन टेंडर भरताना डिजिटल सही लागते, यूएसबी टोकनमधली. त्या काळी ती सही करायला ब्राउझरमध्ये जावाचा एक छोटा प्रोग्रॅम चालायचा, आणि आम्ही जिथे टेंडर भरत होतो तिथला प्रोग्रॅम एका ठराविक जुन्या जावावरच चालायचा. तासभर शोधल्यावर हे लक्षात आलं. नवं जावा काढलं, जुनं शोधून टाकलं. टोकनचा ड्रायव्हर रुसला होता म्हणून काकांना म्हटलं, "काका, एकदा रीस्टार्ट करा."

त्यांनी केलं. मशीन सुरू होताना माझ्या स्क्रिप्टने चेक केला. नवं जावा नाही? अरेरे. जुनं काढलं, नवं टाकलं. अगदी मुकाट्याने, जसं मी शिकवलं होतं तसं.

हे आम्हाला कळायला आणखी अर्धा तास गेला. शेवटी मी त्या मुलाला फोन लावला. तो नव्या ऑफिसात होता, हळू आवाजात म्हणाला, "सर, त्या मशीनवर जावा अपडेट नाही करायचं. टेंडरसाठी ठेवलंय. डायरीत शेवटच्या पानावर आहे बघा."

ड्रॉवर उघडला. होतं. "अकाउंट्स 3: जावा हात लावू नये." खाली लिहिलं होतं: "एचआर: ऑफिस 2003 च, पगाराचा मॅक्रो." आणि अशा पंधरा-वीस ओळी.

तोवर तीन वाजून गेले होते. टेंडर गेलं.

संध्याकाळच्या मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं काय झालं. आणि मी, आज लिहायलाही लाज वाटते, म्हणालो, "यूजरने मशीन रीस्टार्ट केलं." तांत्रिकदृष्ट्या खोटं नव्हतं. काका माझ्याकडे बघत राहिले, एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन खरं सांगितलं, पण ती एक रात्र काकांनी माझी चूक स्वतःच्या अंगावर घेऊन काढली. ते टेंडर मिळालंच असतं असं नाही. पण भरता आलं असतं.

आता कुणी म्हणेल, मग हातानेच बरं होतं की! अजिबात नाही. 2017 चा वॉनाक्राय आठवतोय? ज्या खिंडारातून तो शिरला ते बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने 14 मार्चला दिला होता. हल्ला झाला 12 मे ला. मधे जवळजवळ दोन महिने होते. तरी जगभर असंख्य मशीन्सवर तो पॅच पोचला नव्हता, आणि इंग्लंडमध्ये सरकारी दवाखान्यांना पेशंटच्या अपॉइंटमेंट आणि ऑपरेशनं रद्द करावी लागली. पेन ड्राइव्ह घेऊन फिरणं हा त्यावर उपाय नाही. ऑटोमेशन हवंच.

पण ऑटोमेशन नेमकं कशाचं? माझ्या पोराच्या कामात दोन गोष्टी होत्या. एक फिरणं, दुसरी माहीत असणं. मी फिरणं ऑटोमेट केलं आणि दोन्ही केल्याच्या थाटात हेडकाउंट वाचवला. कुठलं मशीन वेगळं आहे आणि का, हे कुठल्याच टूलला आपोआप कळत नाही. रजिस्ट्री वाचून जुनं जावा दिसेल, पण ते विसरून राहिलंय की मुद्दाम ठेवलंय हे रजिस्ट्रीत लिहिलेलं नसतं.

दुसरी गोष्ट वेगाची. 19 जुलै 2024 चा शुक्रवार. क्राउडस्ट्राइकची एक सदोष फाइल आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी 9 वाजून 39 मिनिटांनी सुटली. 78 मिनिटांत त्यांनी ती मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे 85 लाख विंडोज मशीन्स निळ्या पडद्यावर अडकली होती. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. मॅक आणि लिनक्सला त्या दिवशी काही झालं नाही. खिचडी नेटवर्कचा हा एक फायदा. :-)

गंमत म्हणजे अनेक कंपन्यांनी त्यांच्या बाजूने काळजी घेतली होती, मुख्य सॉफ्टवेअर एक आवृत्ती मागे ठेवून. पण ही फाइल त्या नियमाखाली येतच नव्हती, ती थेट सगळ्यांना गेली. आणि दुरुस्ती? कित्येक मशीन्स सुरूच होत नव्हती, मग रिमोट टूल काय करणार? कुणीतरी टेबलापाशी जाऊन सेफ मोडमध्ये ती फाइल उडवायची. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर आधी अठ्ठेचाळीस आकडी की शोधून टाइप करायची. म्हणजे 2024 साली, एवढ्या सगळ्या ऑटोमेशननंतर, शेवटी "सर, पाच मिनिटं उठता का?" म्हणणारी माणसंच धावली. ज्या ऑफिसांनी ती आधीच वाचवली होती, तिथे कोण धावलं असेल?

तर मित्राला मी टूल सांगितलं नाही. हे सांगितलं:

एक, टूल तीन असली तरी चालतील, यादी एकच हवी. विंडोज, उबुंटू आणि मॅकला एकाच टूलमध्ये कोंबायचा हट्ट नको. विंडोजला इंट्यून लाव, उबुंटूला अँसिबल, मॅकला मुंकी. पण कुठलं मशीन, कुणाकडे, त्यावर काय, आणि वेगळं काही असेल तर का, हे सगळं एका जागी. "का" चा रकाना रिकामा सोडायचा नाही.

दोन, बटण मुद्दाम हळू ठेव. पहिल्या दिवशी फक्त आयटीची मशीन्स. स्वतःचं मशीन पहिलं. मग प्रत्येक विभागातलं एकेक, अकाउंट्स धरून. दोन दिवस थांब. मग बाकीचे. महिनाअखेर आणि टेंडरच्या दिवशी काहीच नाही.

तीन, थांबवायचं बटण आधी बनव. एखादं मशीन यादीतून बाजूला काढायला एक मिनिट लागलं पाहिजे, आणि ते सपोर्टच्या मुलालाही करता आलं पाहिजे, रात्री तुला फोन न करता. माझ्याकडे ते असतं, तर काकांची सही दीड वाजताच झाली असती.

आणि चौथं, ज्यासाठी खरं तर मी फोन ठेवला नव्हता: ती स्लाइड काढ. ती दोन पोरं आता फिरायची थांबतील, तर यादी त्यांच्या हातात दे. पॅकेजेस त्यांना बनवू दे, पहिल्या दिवशीची मशीन्स त्यांना निवडू दे. कोण कशावर अडतं ते त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. अँसिबलची फाइल लिहिणं ते दोन महिन्यांत शिकतील. त्यांना जे माहीत आहे ते तू दोन महिन्यांत शिकणार नाहीस.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "पण मग मॅनेजमेंटला आकडा काय दाखवू?"

प्रश्न खरा आहे. जे बिघडलं नाही त्याचा आकडा स्लाइडवर येत नाही. मी म्हटलं, पॅच किती दिवसांत सगळीकडे पोचतो ते दाखव. आधी किती दिवस लागायचे, आता किती. तो आकडा साहेबांनाही कळेल, आणि त्यापायी कुणाची नोकरी जाणार नाही.

"बघतो," म्हणाला. स्लाइड काढली की नाही ते अजून कळवलेलं नाही.

माझ्या त्या मुलाचं पुढे बरं झालं. एका मोठ्या कंपनीत आहे, टीम सांभाळतो. मागे भेटला तेव्हा मी माफी मागितली. हसला, म्हणाला, "सर, डायरी वाचली का शेवटी?"

वाचली. अजून माझ्याकडेच आहे.

असो. लेख लांबला. तुमच्या ऑफिसात अशी डायरी कुणाच्या खिशात आहे, ते सोमवारी जरूर बघा.