शब्दांची नाडी : बिनाइन



मी वॉर्डात कामाला होते तेव्हाची गोष्ट. एक मावशी दाखल होत्या, कोकणातल्या, सत्तरीच्या पुढच्या. पोटात गाठ होती. डॉक्टर हसत "गिदुल शापीर" म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले. मी येऊन बघते तर मावशी तोंडावर पदर घेऊन रडताहेत. "बाय, मला कुणाचा शाप लागला गो?"

शाप नव्हे मावशी, शापीर! साधी गाठ, कॅन्सर नाही. दोनदा समजावले तेव्हा कुठे चहा घेतला.

या शापीरला इंग्रजीत बिनाइन म्हणतात. शब्द लॅटिन. 'बेने' म्हणजे चांगले, आणि 'गेन' हा जन्माचा धातू. (मुलांनो, आपल्या बेने इस्राएलमधला बेने वेगळा, तो हिब्रू, त्याचा अर्थ पुत्र.) हा 'गेन' आणि संस्कृतचा 'जन्' सख्खे भाऊ. जन, जन्म त्यातूनच आले. म्हणजे बिनाइन हा चक्क आपला 'सुजन' झाला! इंग्रजीतही तो आधी माणसांनाच लावीत. चौदाव्या शतकात चॉसर कवीने एका भल्या पाद्र्याला बिनाइन म्हटले आहे. गाठीला तो पुढे चिकटला. उलट मॅलिग्नंट, तो दुर्जन. इंग्लंडात 1640 नंतरच्या यादवीत पार्लमेंटवाले राजाच्या माणसांना हीच शिवी देत.

हिब्रूतले दोन्ही शब्द तर पवित्र शास्त्रातले. दानीएलच्या चौथ्या अध्यायात राजाच्या स्वप्नातल्या झाडाची पाने 'शापीर', म्हणजे सुंदर आहेत. ती भाषा अरामी. वाईट गाठीला म्हणतात 'ममईर'. वायिक्राच्या तेराव्या अध्यायात कपड्यावरच्या चरत जाणाऱ्या डागाला हेच विशेषण आहे. आणि कॅन्सर म्हणजे खेकडा, हे लॅटिनमध्ये, हिब्रू 'सर्तान'मध्ये आणि आपल्या कर्करोगातही एकच!

पण सुजन म्हणून गाफील राहू नका हो. साधी गाठ दुसऱ्या अवयवात शिरत नाही, दूर जाऊन रुजत नाही, एवढेच. कवटीत वाढली तर हाड थोडेच सरकून जागा देणार? मेंदूच दाबला जातो, जिवावरही बेतते. तेव्हा "शापीर" ऐकल्यावर गाठ कुठे आहे, कशावर दाबते, तेही विचारावे.

मावशींची गाठ मूत्राशयावर दाबत होती, म्हणून काढावीच लागली. कागदावर अंगठा देताना मी म्हटले, "सुजन गाठ आहे, घाबरू नका."

"सुजन ना? मग दुसऱ्याच्या घरात एवढी ऐसपैस कशाला बसली गो?"