बाँडवर सही करण्याआधी

हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या एखाद्या वस्तीतलं पोरगं एनडीएत लागलं की चौकात बॅनर लागतो, विहारात सत्कार होतो. तेच पोरगं प्रशिक्षण सोडून परत आलं की ‘समाजाचं नाक कापलं’ म्हणणारेही आपलेच. आम्हाला हे मान्य नाही.

खडकवासल्याला तीन वर्षं आणि लष्करात जायचं असेल तर पुढे डेहराडूनला एक वर्ष. कमिशन मिळेपर्यंत मुलगा कॅडेट असतो, अधिकारी नव्हे. तोवर त्याला माघार घेता येते. पण प्रवेशाच्या वेळीच आई-बापाने लिहून दिलेलं असतं: मुलाने स्वतःच्या हातातल्या कारणाने प्रशिक्षण सोडलं किंवा मिळालेलं कमिशन नाकारलं, तर शिक्षण, जेवण, कपडे यांचा सरकार ठरवेल तो खर्च भरावा लागेल.

आता बघा, अट सगळ्यांना सारखीच. पण कर्नलच्या घरी ती एक कागद असते आणि शेतमजुराच्या घरी ती कर्ज असते. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याचं पोरगं मन मारून तिथेच राहणार. शिवाय कारण ‘हातातलं’ की ‘हाताबाहेरचं’, हे ठरवणारही सरकारच. जातीवरून रोज टोमणे ऐकून कुणी बाहेर पडला तर ते कोणत्या खात्यात धरायचं?

बाबासाहेबांनी 4 जून 1913 रोजी बडोदा संस्थानाशी करार केला होता. शिष्यवृत्तीच्या बदल्यात 10 वर्षं नोकरी. 1917 मध्ये ते महाराजांचे मिलिटरी सेक्रेटरी म्हणून रुजू झाले. शिपाई लांबून फायली फेकत, राहायला खोली मिळेना, अकराव्या दिवशी पारशी धर्मशाळेतून लाठ्याकाठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं. बाबासाहेबांनी बडोदा सोडलं. त्यांना कुणी पळपुटा म्हणेल काय?

कुणी म्हणेल, महारांची लष्करभरती बंद झाल्यावर वलंगकरांनी, शिवराम जानबा कांबळ्यांनी अर्ज केले, 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, आणि आज हातातली जागा सोडायची? प्रश्न रास्त आहे. अधिकारी भरतीत आरक्षण नाही, म्हणून आपली प्रत्येक जागा मोलाची, हे आम्हीही मानतो. पण तो लढा दार उघडण्यासाठी होता, आत गेलेल्याला कोंडण्यासाठी नव्हता.

आणि सोडणारा प्रत्येक जण स्वखुशीने सोडत नाही. प्रशिक्षणात जायबंदी झालेल्यांना कमिशनआधीच घरी पाठवतात, त्यांना माजी सैनिकाचा दर्जाही नाही. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा कुठे चर्चा झाली.

आमची मागणी एवढीच: वसुलीची रक्कम पालकांच्या उत्पन्नाप्रमाणे ठरावी, किती पैसे लागू शकतात ते सही घेण्याआधी मराठीत लिहून द्यावं, आणि जातीय छळाची तक्रार असेल तर चौकशी संपेपर्यंत वसुली थांबावी. कार्यकर्त्यांनीही सत्काराचा हार आणण्याआधी तो बाँड आई-बापाला वाचून दाखवावा. सोडायची वेळ आलीच तर पोराने कारण लेखी द्यावं, पोच घ्यावी, एक प्रत घरी ठेवावी. आणि तो गावी परत येईल तेव्हा आपल्यातले दोघे-तिघे त्याला घ्यायला स्टँडवर जावेत.